मनकर्णाबाईच्या हृदयातली खिडकी

मी सहा वर्षांची होईपर्यंत माझ्या आईला मामी म्हणत होते. ती मामांबरोबर, म्हणजे माझ्या बाबांबरोबर, देऊळघाटहून निघे, मेहकरला एसटी बदले आणि डोणगावला आमच्या घरी येई. ओसरीवर टेकली की डावा हात पुढे करून म्हणे, "इकडे." मी माझ्या मायच्या लुगड्यामागे लपायची. माय म्हणजे तानुबाई. ती खरं तर माझी आत्या, हे मला ठाऊक नव्हतं. मामीला बोलता येत नाही, तिचा उजवा हात पोटाशी मिटलेला असतो, आणि पाणी हवं असो की भाकर, ती "इकडे" हा एकच शब्द म्हणते, एवढंच ठाऊक होतं.

हे सगळं कसं झालं ते पुढे मला आजीने, बाबांनी आणि आत्याने सांगितलं. कुणीही एका दमात सांगितलं नाही. जे कळलं ते जोडून सांगते.

आईचं माहेर धाड गावाकडचं. ती लहान असतानाच तिची आई गेली होती. नदीवरून घागर आणताना चढावर माझी आई मध्येच थांबायची, दम खायची, आणि बरोबरच्या पोरी पुढे निघून जायच्या. घरचे म्हणायचे, आळशी आहे. लग्न होऊन ती देऊळघाटला आली तेव्हा आजीलाही आधी तसंच वाटलं. पण कामाला ती मागे नव्हती, फक्त अधूनमधून थांबायची. आणि बोलकी अशी, की शेजारची बाई विस्तव मागायला आली तर तिच्या हातातला विस्तव विझेपर्यंत हिच्या गोष्टी संपायच्या नाहीत. बाबा, म्हणजे शेषराव, अबोल माणूस. दोघांचं मिळून बोलणं ती एकटीच करायची.

महाराष्ट्र राज्य होऊन तीनेक वर्षं झाली होती. पौषात माझा जन्म झाला. माहेरी करणारं कोणी नाही म्हणून बाळंतपण सासरीच झालं. माझी आजी रुखमाबाई हिने सुनेचं सगळं लेकीसारखं केलं. बाजेवर निजवलं, उठू दिलं नाही, बाजेखाली शेगडी ठेवून ओव्याची धुरी दिली. चारपाच दिवसांत आईचा डावा पाय भरून आला. पोटरी दगडासारखी घट्ट झाली. हात लावला की ती कळवळायची.

"वाऱ्यानं धरला असंन," आजी म्हणाली. तिने तिळाचं तेल कोमट केलं आणि दोन्ही वेळा पाय चोळायला सुरुवात केली, चांगला जोर लावून. आईला दुखायचं, पण बरंही वाटायचं. निदान ती आजीला तसं म्हणायची.

बाराव्या दिवसाच्या आधीची सकाळ. आई मला अंगावर पाजत होती. शेगडीतला धूर वर आला आणि तिला खोकल्याची उबळ आली. उबळ थांबली तेव्हा तिचा उजवा हात सुटला. मी मांडीवरून घसरले. आजी जवळच होती, तिने मला वरच्या वर झेललं.

"काय झालं वं, मनकर्णा? काय होऊन राह्यलं तुले?"

आईने तोंड उघडलं. ओठ एका बाजूला ओढला गेला होता. ती आजीच्या हातातल्या माझ्याकडे बघत होती आणि काहीतरी म्हणायचा प्रयत्न करत होती. बऱ्याच वेळाने एक शब्द बाहेर आला. "इकडे."

त्यानंतर दुसरा शब्द आलाच नाही.

बाबांनी बैलगाडी जुंपली. गाडीत कडबा पसरून आईला बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे वैजनाथ नावाचे डॉक्टर होते, तरुण, चष्मेवाले. त्यांनी रक्तदाब मोजला, तो ठीक होता. वय विचारलं. विशी नुकतीच ओलांडलेली. मग त्यांनी छातीला नळी लावली आणि इतका वेळ ऐकत राहिले की बाबा घाबरले. शेवटी त्यांनी पायावरचं पांघरूण सरकवलं.

"हा पाय कधीपासून सुजलाय?"

आजीने सांगितलं. तेल, चोळणं, धुरी, खोकला, सगळंच सांगितलं, कारण लपवण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं. डॉक्टरांनी मध्ये टोकलं नाही. मग बाबांना बाहेर बाकावर बसवून ते स्वतः शेजारी बसले.

"हे पहा शेषराव, मेंदूला रक्त नेणाऱ्या नळीत रक्ताची गुठळी अडकली आहे. म्हणून हात गेला, बोलणं गेलं. म्हाताऱ्या माणसाला असं होतं. एवढ्या तरुण बाईला का झालं, हा प्रश्न आहे. गुठळी पायात झाली असावी. पण पायातली गुठळी वर चढली तर फुप्फुसात जाऊन अडकते. ती डोक्यापर्यंत पोचायला वाट नसते."

"मंग पोचली कशी?"

"आईच्या पोटात असताना प्रत्येकाच्या हृदयात, उजव्या आणि डाव्या भागाच्या मधल्या पडद्यात, एक खिडकी असते. जन्मल्यावर ती मिटते. काहींची मिटत नाही. ती खिडकी उघडी राहिली असेल, आणि खोकल्याचा जोर पडला असेल, तर गुठळी तिकडून इकडे गेली असेल. मला त्यांच्या छातीत एक आवाज ऐकू येतो. थोडं चाललं की दम लागायचा का?"

बाबांना तिचं कामात अधूनमधून थांबणं आठवलं. ते म्हणाले, "हाव. लागत होता."

"मग शक्यता आहे. पण खात्री नाही. अशी खिडकी पुष्कळांना असते. ते म्हातारे होऊन मरतात आणि त्यांना कधी कळतही नाही."

बाकामागच्या दवाखान्याच्या खिडकीत, आतल्या बाजूला आजी उभी होती. तिने सगळं ऐकलं. डॉक्टर चोळण्याबद्दल काहीच बोलले नव्हते, पण पायातली गुठळी डोक्यात गेली हे ऐकताच तिला आपण जोर लावून चोळलेला पाय आठवला.

औषध रक्त पातळ करणारं होतं. ते चालू असेपर्यंत अंगावर पाजू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. इकडे मी भुकेने रडत होते. गाईचं दूध पचत नव्हतं. डोणगावला आत्याला निरोप गेला. तिला चार महिन्यांचा मुलगा होता, निवृत्ती. ती त्याला कडेवर घेऊनच आली, मला पदराखाली घेतलं, आणि मी गप्प झाले. बारसंही तिथेच दवाखान्यात झालं. आत्यानेच माझ्या कानात नाव सांगितलं, जनका. आईच्या खाटेशी वाकून तिने पुन्हा मोठ्याने सांगितलं. आईने मान हलवली.

"वयनी," आत्या म्हणाली, "तुमचा हात चालू झाला का नेजो तुमची लेक. तोवर माझ्यापाशी ठेवतो."

आईने पुन्हा मान हलवली. आत्या मला घेऊन निघाली. आई दाराकडे तोंड करून पडून राहिली. तिचं दूध नंतर कितीतरी दिवस येत होतं. चोळी ओली व्हायची, आणि आजी ती बदलायची.

घरी आल्यावर आई हळूहळू उभी राहिली. आधी भिंत धरून, मग काठी घेऊन, मग काठीशिवाय. उजवा पाय ओढत चालायची. हाताने मात्र दगा दिला. डाव्या हाताने ती झाडू मारायला शिकली, चूल पेटवायला शिकली. भाकर थापणं एका हाताने जमेना. एकदा तिने पिठाचा उंडा परातीत आपटून टाकला आणि चुलीपुढे बसून रडली, असं आजी सांगायची. बोलायला गेली की तोच शब्द. बाबा पऱ्हाटीतून, म्हणजे कपाशीच्या वावरातून, आले की ती दारात उभी राहून "इकडे, इकडे" म्हणत सगळ्या दिवसाचं सांगायची. आवाज चढायचा, उतरायचा, मध्येच हसू यायचं. शब्द फक्त एकच. बाबा समोर बसून ऐकायचे. काय समजायचं कोण जाणे. पण पूर्वी कधी बोलत नव्हते, ते आता बोलायला लागले. "पावसानं पान्याचा दांड फुटला का? कोनाच्या गाईनं खाल्लं का?" असं विचारत जायचे, आणि बरोबर आलं की ती मान डोलवायची.

याच काळात तिने गाठोड्याचं सुरू केलं. जुन्या लुगड्याच्या फडक्यात ज्वारी बांधली, तान्ह्या लेकराएवढी. ती डाव्या कडेवर घेऊन घरभर हिंडायची. बसायची, उठायची, उंबरा ओलांडायची. आजीला आधी वाटलं, सून भ्रमिष्ट झाली. मग एके दिवशी आईने शेजारच्या रांगणाऱ्या पोराला उचलून बघितलं, आत गेली, आणि गाठोड्यात दोन ओंजळी ज्वारी वाढवली. तेव्हा आजीला उमगलं. लेक तिकडे वाढत होती, तशी ही इकडे ज्वारी वाढवत होती.

पण मी ज्वारीपेक्षा लवकर वाढले. आईला ते गाठोडं कडेवर घेऊन अंगण ओलांडता यायला लागलं, तोवर मी डोणगावच्या बाजारात आत्याचं बोट धरून चालत होते.

पहिल्यांदा ती मला न्यायला आली तेव्हा मी लपले. आत्या म्हणाली, "आत्ताच नका नेऊ वयनी, दात येऊन राह्यले तिले." पुढच्या खेपेला म्हणाली, अंग गरम आहे. त्याच्या पुढच्या खेपेला बाबांना बाजूला घेऊन तिने मनातलं सांगितलं.

"दादा, वयनीले बोलता येत नाई. पोरीले बोलायले कोन शिकवील? मुकी होईन पोरगी."

बाबा म्हणाले, "माय हाये ना घरात. मी हावो."

"तू दिवसभर वावरात. माय म्हातारी. अन् मले..." आत्याने पुढचं गिळलं. ते पुढचं काय होतं ते बाबांना कळलं, आणि ते मला न घेताच उठले. निवृत्ती आणि मी एका ताटात जेवायचो, एका गोधडीत निजायचो. आत्याला आम्ही दोघं वेगळी दिसतच नव्हतो. तिलाही मी दोष देत नाही.

मधल्या काळात एकदा वैजनाथ डॉक्टरांनी आईला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. बाबा तिला मलकापूरहून रेल्वेने घेऊन गेले. तिथे तिच्या शिरेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत सरकवली. नळी उजव्या भागातून डाव्या भागात सहज गेली. खिडकी होती. लहान होती, पण होती.

"मंग यानंच झालं का?" बाबांनी विचारलं.

तिथले डॉक्टर म्हणाले, "असू शकतं. गुठळी त्यातून जाताना कोणी पाहिलेली नाही. आता छाती उघडून ती बुजवण्यात धोका जास्त आहे. पुन्हा बाळंतपण मात्र होऊ देऊ नका."

बाबांनी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. आजी जात्याजवळ बसली होती. तिला दुसरंच काही ऐकायचं होतं.

"मी पाय चोळला त्याच्यानं सुटली का ते गुठळी? ते पुसलं का तू?"

"पुसलं. ते म्हंतात, सांगता येत नाई."

"अन् धुरीनं?"

"तेही सांगता येत नाई, माय. होऊ शकते, नाईही होऊ शकत."

आजी म्हणाली, "हो म्हनले असते तरी बरं होतं." आणि दळण अर्धवट टाकून उठली.

त्या दिवसापासून ती आईच्या अंगाला हात लावेना. डोक्याला तेल घालणं सोडलं, पाठ चोळणं सोडलं. आईच्या ते ध्यानात आलं. एका दुपारी आई तेलाची वाटी घेऊन आजीपुढे जाऊन बसली. डावा पाय लांब केला, आजीचा हात धरला आणि आपल्या पोटरीवर ठेवला. म्हणाली, "इकडे." आजीने हात मागे घेतला. आईने पुन्हा ठेवला. आजी मग रडत रडत तेल लावू लागली, अगदी हलक्या हाताने, आणि आई तिच्या तोंडाकडे बघत बसून राहिली.

मी सहा वर्षांची झाले त्या दिवाळीला आत्या भाऊबीजेला देऊळघाटला आली. निवृत्ती आणि मी बरोबर होतोच. दळण काढायला म्हणून तिने खुंटीवरचं गाठोडं खाली घेतलं. ते तिच्या अंदाजापेक्षा जड होतं. तिने गाठ सोडली. आजी म्हणाली, "ते नको घेऊ. ते जनकाचं हाये."

"जनकाचं म्हंजे?"

आजीने सांगितलं. आत्या ज्वारीत हात घालून तशीच बसली. आम्ही पोरं अंगणात खेळत होतो. तिने मला हाक मारली, कडेवर घेतलं, उतरवलं, मग गाठोडं कडेवर घेतलं. तेही उतरवून ठेवलं. गाठ पुन्हा बांधली आणि खुंटीला अडकवलं. संध्याकाळी तिने आईजवळ बसून मला सांगितलं, "जनके, हे तुही माय हाये. मी आत्या हावो." मला वाटलं, ती गंमत करते आहे.

दुसऱ्या दिवशी ती निवृत्तीला घेऊन गेली. मी नाल्यावर खेळायला गेले होते. आले तेव्हा ती नव्हती.

मी फार रडले. जेवले नाही. आई ताट घेऊन जवळ आली की मी तोंड फिरवायची. ती "इकडे" म्हणाली की मी ओरडायची, "नाई येत इकडे." आजी रागवायची, बाबा समजूत घालायचे. आई मात्र कधी रागवली नाही. मी दारात बसून रस्त्याकडे बघायची तेव्हा ती थोडं अंतर ठेवून माझ्याजवळ बसायची. आता वाटतं, त्या घरात मला काय होतंय हे तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. तिने सहा वर्षं तेच केलं होतं.

मग आईबाबांनी मला बुलढाण्याला नेऊन वैजनाथ डॉक्टरांकडून माझीही छाती तपासून घेतली. त्यांनी दोनदा ऐकलं आणि म्हणाले, "हिची खिडकी मिटलेली आहे." आईने त्यांच्या टेबलावर डोकं टेकलं.

तिथून आम्ही घरी जायला थांब्यावर आलो. बाबा सरकी आणायला गेले होते. समोर मेहकरची गाडी लागलेली होती. आईने शेजारच्या ओळखीच्या बाईला हाताने खुणा केल्या, बाबांना सांगायला, आणि माझा हात धरून त्या गाडीत चढली. बाबांशिवाय ती कधी कुठे गेली नव्हती.

कंडक्टर आला. "कुठी जायचं, बाई?"

आईने तोंड उघडलं. ओठ हलले. "इकडे," ती म्हणाली.

"इकडे म्हंजे कुठी? गावाचं नाव सांगा."

लोक मागे वळून बघायला लागले. आईने माझ्याकडे बघितलं. तेव्हा मला कळलं, आपण कुठे निघालो आहोत.

"डोनगाव," मी म्हणाले. "आम्ही दोघी हावो. हे माझी आई हाये. तिले बोलता येत नाई."

आई हे शब्द ऐकत होती. मला त्या वेळी त्यात काही विशेष वाटलं नाही. मला आत्याकडे जायचं होतं. मेहकरला गाडी बदलली तरी मी सगळा रस्ता खिडकीला नाक लावून होते, आणि ती माझ्या परकराचा घेर मुठीत धरून बसली होती.

आत्या आम्हाला बघून दचकली. तिला वाटलं, आई मला परत द्यायला आली. आणि आई तशीच वागली. जेवली, निवृत्तीच्या डोक्यावरून हात फिरवला, माझे कपडे नाहीत म्हणून खुणेने सांगितलं. मग मला आत्याच्या मांडीवर बसवलं आणि दुपारच्या गाडीने एकटी निघून गेली. मी तिला निरोपही दिला नाही. निवृत्तीबरोबर बोरं वेचायला पळाले.

पहिले दिवस मजेत गेले. मग एकदा आत्या भाकरी करत होती. तिने मला मीठ मागितलं, शब्दाने, सरळ. मी उठून दिलं. आणि मला वाटायला लागलं, तिकडे मीठ कोण देत असेल? "इकडे" म्हटल्यावर तिला मीठ हवंय की पाणी, हे बाबांना कळतं, आजीला कळतं, आणि रुसलेली असतानाही मला कळायला लागलं होतं. त्या दिवशी मी भाकर ताटातच ठेवून उठले. संध्याकाळी मी आत्याजवळ गेले.

"मले देऊळघाटले जायचं हाये."

आत्याने मला जवळ ओढलं. "काऊन बाई? कोनी काही म्हनलं का तुले?"

"नाई. मले आईपाशी जायचं हाये."

आत्याने माझे केस विंचरले, उगीचच, विंचरलेलेच होते. सकाळी ती स्वतः मला घेऊन निघाली. बसमध्ये मी तिच्या मांडीवर बसले होते आणि तिने मला इतकं घट्ट धरलं होतं की मला नीट बसता येत नव्हतं. मेहकरला गाडी बदलताना ती म्हणाली, "सुट्टीत येजो." मी हाव म्हणाले. पुढे प्रत्येक सुट्टीत मी गेले. आत्याला शेवटपर्यंत मायच म्हणत राहिले.

आई घरी नव्हती. आजी म्हणाली, वावरात आहे. आत्या आजीजवळ टेकली आणि मी एकटीच धावत गेले. पऱ्हाटी फुटली होती. आई ओटी बांधून डाव्या हाताने कापूस वेचत होती, एकेक बोंड, सावकाश, बाकीच्या बायांच्या पुष्कळ मागे. मी बांधावर उभी राहिले. तिने वर बघितलं. तिचे ओठ हलले पण शब्द आला नाही, तोसुद्धा नाही. मी तासात, दोन ओळींच्या मधल्या जागेत, शिरले, तिच्या जवळ गेले आणि खालच्या फांद्यांवरची बोंडं, जिथे तिला वाकायला त्रास होत होता ती, वेचून तिच्या ओटीत टाकू लागले.